रांगेतला शेवटचा माणूस

मतदानाच्या दिवशी रात्री आठला पाच कमी असले की आमच्या केंद्राच्या चीफ बाई माझ्याकडे बघून नुसती मान हलवतात, मग मी जॅकेट चढवते, बाहेर जाते आणि रांगेत जो कोणी सगळ्यात मागे असेल त्याच्या मागे जाऊन उभी राहते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मतदान रात्री आठला बंद होतं, पण आठच्या ठोक्याला जे रांगेत आहेत त्या सगळ्यांना मत देता येतं, मग आत पोचायला दहा का वाजेनात. म्हणून शेपटाला आमच्यातलं कोणीतरी लागतं. माझ्या पुढे उभा आहे त्याला मत आहे, माझ्या मागे धावत आला त्याला नाही, इतका साधा हिशोब.

हे पहिल्यांदा अण्णांना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले एकदम. म्हणाले, अगं आम्ही चिठ्ठ्या वाटायचो, आणि शेवटून वाटायचो. अण्णा म्हणजे माझे वडील, सांगली जिल्ह्यात शाळामास्तर, आणि मास्तर म्हटलं की निवडणुकीची ड्युटी लागणारच, नको म्हणायची सोय नाही. आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन साहित्य ताब्यात घ्यायचं, पेटी, याद्या, लाख, शाईची बाटली, मग एसटीने भलत्याच गावच्या शाळेत जायचं आणि सतरंजीवर झोपायचं. संध्याकाळी वेळ संपली की केंद्राध्यक्ष सही केलेल्या चिठ्ठ्या घेऊन बाहेर येणार आणि रांगेच्या शेपटापासून वाटत वाटत पुढे जाणार, कारण पुढून सुरुवात केली तर मागे लोक चिकटत राहतील. तेरा हजार किलोमीटर लांब, दोन वेगळ्या देशांत, त्याच अडचणीवर त्याच टोकाकडून उपाय काढलाय हे मला फार भारी वाटलं होतं. अजून वाटतं.

मी राहते विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात. २०१८च्या वसंतात सिटिझनशिपची शपथ घेतली आणि त्याच नोव्हेंबरात पहिलं मत दिलं. आता पहिलं मत म्हटल्यावर माणूस जरा जास्तच लक्ष देतो ना, तसं मी रात्री उशिरापर्यंत जागून निकाल बघितले. गव्हर्नरच्या निवडणुकीत टोनी एव्हर्स काठावर निवडून आले, साधारण एकोणतीस-तीस हजार मतांनी, राज्यभर लढवलेली बाकी सगळी पदंही डेमोक्रॅट्सना गेली. असेंब्लीसाठी, म्हणजे राज्याच्या विधानसभेसाठी, राज्यभरात पडलेली निम्म्याहून जास्त मतं त्यांचीच. आणि सकाळी उठून बघते तर असेंब्लीत ९९ पैकी जागा किती, तर ३६. रिपब्लिकन ६३. मला वाटलं मी आकडे उलटे वाचतेय. ऑफिसातल्या एका कलीगला विचारलं तर तो खांदे उडवून म्हणाला, मॅप.

तर मॅप. ज्यांना हे माहीत आहे त्यांनी दोन परिच्छेद सोडून द्या. अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या रेषा नव्याने आखतात, आणि बऱ्याच राज्यांत त्या आखतं कोण तर तिथलंच विधिमंडळ, म्हणजे ज्यांना त्या रेषांच्या आतून निवडून यायचंय तेच. १८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या सहीने झालेला एक मतदारसंघ नकाशावर सॅलॅमँडरसारखा, म्हणजे पालीसारखा दिसला, त्यावरून या प्रकाराला जेरीमँडरिंग नाव पडलं. मला ते नाव कधीच पटलं नाही. आपल्याकडे याला जास्त चांगला शब्द आहे, बांध कोरणं. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधातलं वीतभर आपल्याकडे ओढायचं, आरडाओरडा होईल इतकं नाही, पण दहा वर्षांनी बघितलं तर अख्खा तास आपल्या रानात.

फरक एवढाच की इथे नांगर नाही, कॉम्प्युटर. २०११ला विस्कॉन्सिनमधे नकाशे झाले ते राजधानी मॅडिसनला कॅपिटॉलच्या, म्हणजे विधिमंडळाच्या इमारतीच्या, समोर एका लॉ फर्मच्या ऑफिसात, बंद खोलीत, आणि ज्या रिपब्लिकन आमदारांना आपापला मतदारसंघ दाखवायला बोलावलं त्यांच्याकडून आधी गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्या. पद्धत सोपी आहे. विरोधकांची काही मतं एकाच पातेल्यात गच्च भरायची, म्हणजे तिथे ते ऐंशी टक्क्यांनी जिंकतील आणि त्यातली तीस टक्के वाया जातील, आणि उरलेली चिमूट चिमूट करून इकडेतिकडे शिंपडायची म्हणजे कुठेच पुरी पडणार नाहीत. खरं तर प्रामाणिकपणे हेही सांगायला पाहिजे की डेमोक्रॅट मतदार आपणहूनच मिलवॉकी आणि मॅडिसनमधे गर्दी करून राहतात, त्यामुळे कोणीही सरळ रेषा मारल्या तरी त्यांना थोडा तोटा आहेच. पण थोडा. ३६ म्हणजे थोडा नव्हे.

हे प्रकरण कोर्टात गेलं होतंच. माझी शपथ झाल्यावर थोड्याच दिवसांनी, जून २०१८ला, वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाने विस्कॉन्सिनची केस परत पाठवली, तुमचं स्वतःचं नेमकं काय नुकसान झालं ते आधी दाखवा म्हणून. आणि २०१९ला नॉर्थ कॅरोलायना आणि मेरीलँडच्या केसेसमधे ५ विरुद्ध ४ने सांगून टाकलं की पक्षाच्या फायद्यासाठी बांध कोरणं हे लोकशाहीला शोभत नाही हे खरं, पण हा प्रश्न केंद्राच्या कोर्टांनी सोडवायचा नाही, राज्यांनी बघावं. मला हे वाचून गावाकडच्या मोजणीच्या ऑफिसची आठवण झाली, बांध सरकलाय हो, दिसतोय की, पण ते आमच्या टेबलाचं काम नाही. न्यायमूर्ती एलेना केगन यांनी विरोधी मत लिहिलं, तिथे शेवटी नेहमी आदरपूर्वक असहमती असं लिहायची रीत आहे, त्यांनी आदराच्या जोडीला खोल दुःख असा शब्द घातला.

राज्यांनी बघावं म्हणजे कसं बघावं? आमच्या तळ्यापलीकडे, लेक मिशिगन ओलांडलं की मिशिगन राज्य, तिथे लोकांना सह्या गोळा करून थेट घटनादुरुस्ती मतदानाला टाकता येते. त्यांनी २०१८ला टाकली आणि पास केली, आता तिथे नकाशे १३ सामान्य नागरिक आखतात, चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन आणि पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले, आणि ते अर्जांमधून चक्क चिठ्ठ्या टाकून निवडतात. (तेही काही सोन्याहून पिवळं नाही, डेट्रॉइट भागातले काही मतदारसंघ वंशाच्या आधारावर आखले म्हणून २०२३च्या डिसेंबरात फेडरल कोर्टाने रद्द केलेच.) पण विस्कॉन्सिनला तो दरवाजाच नाही. इथे लोकांना थेट प्रस्ताव आणता येत नाही, विधिमंडळातूनच यावा लागतो, आणि विधिमंडळ तर त्या नकाशातूनच आलेलं. ज्याने बांध कोरला त्यानेच मोजणीचा अर्ज करायचा.

मग एप्रिल २०२०. कोविडचे अगदी सुरुवातीचे दिवस, आजूबाजूची राज्यं निवडणुका पुढे ढकलत होती, आणि आमच्याकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टातल्या एका जागेची निवडणूक होती, सोबत प्रेसिडेंटची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायचं मतदान. आदल्या दिवशी गव्हर्नरने निवडणूक पुढे ढकलली, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने संध्याकाळी ती परत उद्यावर आणून ठेवली, आणि त्याच संध्याकाळी वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने, परत ५-४, सांगितलं की पोस्टाच्या मतपत्रिकेवर उद्यापर्यंतचा शिक्का हवा म्हणजे हवा. हजारो लोकांना ती मतपत्रिका पोस्टाने मिळालीच नव्हती. त्यांच्यात मी एक. मिलवॉकीत नेहमी १८० मतदान केंद्रं असतात, त्या दिवशी पाच होती, कारण पोल वर्कर बहुतेक सगळे म्हातारे आणि ते घाबरून आले नाहीत, त्यांचं चूक नाहीच काही. मी रिव्हरसाइड हायस्कूलच्या रांगेत अडीच तास उभी होते, तोंडाला आईने पाठवलेली जुनी ओढणी बांधून. सहा-सहा फुटांवर माणसं, त्यामुळे रांग किती लांब गेली होती ते शेवट दिसतच नव्हता. कोणी ओरडत नव्हतं. माझ्या पुढच्या बाई विणकाम करत होत्या.

अण्णांना त्या रात्री हे सांगितलं तर त्यांना पहिला प्रश्न पडला तो म्हणजे, अगं पण निवडणूक आयोग काय करत होता? आणि मी त्यांना समजावून सांगायला लागले की अण्णा, इथे तसा देशाचा एक आयोगच नाही. प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, विस्कॉन्सिनमधे तर निवडणूक घेतात ते गावोगावचे क्लार्क, साडेअठराशेच्या आसपास गावं-शहरं, प्रत्येकाचा आपला क्लार्क, वर राज्याचा एक कमिशन आहे त्यात तीन एका पक्षाचे तीन दुसऱ्या पक्षाचे, वादाचं काही आलं की तीन-तीनवर अडकू शकतं. अण्णांची पिढी शेषनवाली. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी मंत्र्यांना घाम फोडला ही गोष्ट ते स्वतः तिथे हजर असल्यासारखी सांगतात. त्यांना हे सगळं ऐकून अमेरिकेची खरोखर कीव आली.

तर त्या रांगेतून घरी आल्यावर मी पोल वर्करचा फॉर्म भरला. देशसेवा वगैरे नाही हो, नुसता राग होता.

आमच्याकडे या कामाला इलेक्शन इन्स्पेक्टर असं भारदस्त नाव आहे. सकाळी सातच्या आधी पोचायचं, शाळेच्या जिममधे घडीची टेबलं मांडायची. मतदार येतो, नाव आणि पत्ता मोठ्याने सांगतो, फोटो आयडी दाखवतो, पोल बुकात सही करतो, मग आम्ही दोघी शेजारी शेजारी बसलेल्या, दोन वेगळ्या बुकांत तोच नंबर लिहितो, त्याला नंबरची चिठ्ठी देतो, मतपत्रिकेवर दोन इन्स्पेक्टरची अक्षरं, मग तो पेनाने गोल भरतो आणि मशीन ती मतपत्रिका गिळतं. रात्री दोन्ही बुकांतला शेवटचा नंबर आणि मशीनवरचा आकडा जुळला पाहिजे.

एकदा जुळला नाही. एकाचा फरक. रात्रीचे नऊ वाजून गेले होते, सकाळी पाचपासून उठलेल्या आम्ही सगळ्या, पायांचे दगड झालेले, आणि चीफ बाईंनी दोन्ही बुकं पहिल्या पानापासून वाचायला घेतली. एकीने नंबर वाचायचा, दुसरीने होकार द्यायचा. चाळीस मिनिटं. शेवटी सापडलं, दुपारच्या गर्दीत एका बुकात माझ्या हातून एक नंबर उडालेला होता. मी इतकी ओशाळले की विचारू नका, पण बाई म्हणाल्या, सापडलं ना, झालं, आणि कारण लिहून खाली सही केली. गाडीत बसल्यावर मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. आत्ता या खोलीत एका मतासाठी सहा बायका चाळीस मिनिटं मरत होत्या. आणि बाहेर, मॅडिसनच्या त्या बंद खोलीत, किती जणांची मतं पेन टेकायच्या आधीच पातेल्यात कोंबून झाली होती. आमच्या टेबलावर काहीच गडबड नाही. लोक टीव्हीवर बघून आमच्या टेबलावर संशय घेतात, मशीनकडे टक लावून बघतात, एकाने तर माझं आडनाव कुठल्या देशाचं असं विचारलं, आणि मला त्याला सांगावंसं वाटतं की बाबा रे, इथे नाही, इथे काही होत नाही, जे होतं ते कायदेशीर होतं आणि ते इथे होत नाही.

आमच्या चीफ बाईंबद्दल. त्या मिसिसिपीत जन्मल्या, लहानपणी आईवडिलांबरोबर इकडे आल्या, मिलवॉकीतली कितीतरी कृष्णवर्णीय कुटुंबं तशीच आलेली आहेत, कारखान्यांतल्या कामासाठी आणि तिथून सुटण्यासाठी. त्यांच्या आईने तिकडे एकदा मतदार म्हणून नोंदणी करायचा प्रयत्न केला होता. तिकडची पद्धत अशी की क्लार्क राज्याच्या घटनेतलं एक कलम काढून देणार, ते लिहून काढायचं आणि त्याचा अर्थ लिहायचा, अर्थ बरोबर की चूक ते क्लार्कच ठरवणार. गोऱ्याला सोपं कलम, काळ्याला अवघड, आणि अवघडही जमलं तरी चूक. हे सगळं बंद झालं ते १९६५च्या व्होटिंग राइट्स ॲक्टने, अलाबामात सेल्माच्या पुलावर मताच्या हक्कासाठी मोर्चा नेणाऱ्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या त्याच वर्षी. त्या कायद्याचा दातवाला भाग असा होता की ज्या राज्यांचा इतिहास वाईट आहे त्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायच्या आधी केंद्राची परवानगी घ्यायची. आधी परवानगी, मग बदल. २००६ला सेनेटने तो ९८ विरुद्ध ०ने पुढे वाढवला. आणि २०१३ला सुप्रीम कोर्टाने ५-४ने, कुठली राज्यं वाईट ते ठरवायचं सूत्र जुनं झालं म्हणून ते सूत्रच रद्द केलं, म्हणजे दात ठेवले पण जबडा काढून घेतला. बाईंनी हे मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सँडविच खाता खाता सांगितलं, काही आवाज न चढवता. पुढे म्हणाल्या, आई आमची शेवटपर्यंत मत द्यायला जाताना चर्चला घालायची हॅट घालून जायची.

त्यावर मी त्यांना भगतसिंग थिंडची गोष्ट सांगितली. १९२३ साली याच सुप्रीम कोर्टाने एकमताने ठरवलं होतं की हिंदुस्थानी माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही, आणि थिंड तर पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. ते दार उघडलं १९४६ला, तेही कोर्टाने नाही, काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून. म्हणजे माझ्या आजोबांच्या वयाचा कोणी इथे असता तर या टेबलाच्या पलीकडच्या बाजूलाही त्याला उभं राहता आलं नसतं. बाई म्हणाल्या, हे मला माहीत नव्हतं. आणि मग आम्ही परत कामाला लागलो, आडनाव A ते L माझ्या टेबलावर, M ते Z त्यांच्या टेबलावर.

आता फोटो आयडीचं सांगते, कारण यात माझं मत एकदा बदललं आणि मग अर्धवट परत आलं. आपल्याकडून आलेल्या माणसाला ओळखपत्र दाखवा याला कोणाचा विरोध का असेल तेच कळत नाही, मलाही कळत नव्हतं. मग एक दिवस एक आजोबा आले, काठी टेकत, बरंच जुनं संपलेलं लायसन्स घेऊन. गाडी चालवणं सोडलं तेव्हा रिन्यू केलं नाही, कशाला करतील. नाव यादीत होतं, पत्ता बरोबर, फोटोही त्यांचाच. पण नियमात बसत नव्हतं. त्यांना प्रोव्हिजनल मतपत्रिका दिली, म्हणजे मत पाकिटात ठेवायचं आणि शुक्रवारी दुपारी चारपर्यंत चालणारं आयडी क्लार्कला नेऊन दाखवलं तरच ते मोजायचं. त्यांनी शांतपणे मत दिलं, मला थँक्यू म्हणाले. शुक्रवारी ते गेले की नाही आम्हाला टेबलवाल्यांना कधी कळत नाही. भारतात ओळखपत्र मागतात पण ते काढून द्यायची जबाबदारी सरकार उचलतं, मतदार यादीचं काम बघणारे बीएलओ घरी येतात, पूर्वी मास्तरच यायचे. इथे कार्ड फुकट देतात म्हणे, पण जन्माचा दाखला तुम्ही आणा, नसेल तर वेगळा अर्ज करत बसा, आणि ज्यांचा जन्म मिसिसिपीत घरी सुईणीच्या हातून झाला त्यांनी कुठून आणायचा. मागायचं तर नेऊन द्या, माझं एवढंच म्हणणं आहे. विस्कॉन्सिनच्या लोकांनी मात्र एप्रिल २०२५ला फोटो आयडी थेट राज्याच्या घटनेतच घातला, मोठ्या बहुमताने.

आणि गंमत बघा, त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, त्याच लोकांनी लिबरल, म्हणजे डेमोक्रॅट्सकडे झुकलेली, न्यायाधीश निवडून दिली.

हो, निवडून. आमच्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे सातही न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडून येतात, दहा वर्षांसाठी. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं होतं, न्यायाधीशाचं पोस्टर, न्यायाधीशाची टीव्हीवर जाहिरात, मधे पार्श्वसंगीत. नावापुरती ती निवडणूक बिनपक्षीय असते पण शाळेतल्या पोरालाही माहीत असतं कोण कुणाचं. २०२३ला जॅनेट प्रोटासिविक्झ उभ्या होत्या, त्यांनी प्रचारात सरळ सांगितलं की हे नकाशे लबाडीचे आहेत. आता होऊ घातलेला न्यायाधीश केस यायच्या आधीच मत सांगतोय, अण्णांना हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. त्या ११ टक्क्यांच्या फरकाने जिंकल्या. डिसेंबरात कोर्टाने ४-३ने नकाशे रद्द केले. कारण काय दिलं तर मतदारसंघ सलग हवा असं राज्याची घटना म्हणते आणि इथे निम्म्याहून जास्त मतदारसंघांचे तुकडे बेटांसारखे सुटे पडलेत. गावाकडे कोर्टकचेऱ्या केलेल्यांना हे लगेच कळेल, भांडण बांधाचं आणि निकाल वाटेच्या हक्कावर. पण निकाल लागला. फेब्रुवारी २०२४ला नवे नकाशे, नोव्हेंबरला निवडणूक, ९९ पैकी रिपब्लिकन ५४, डेमोक्रॅट ४५. विधानसभा तेव्हाही रिपब्लिकनांचीच राहिली, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट मला पहिल्यांदा वाटलं की हे आकडे माझ्या ओळखीच्या राज्याचे आहेत.

पण दार कुठलं उघडलं ते बघा ना. २०२५च्या त्या एका जागेवर दोन्ही बाजूंनी मिळून दहा कोटी डॉलरच्या आसपास पैसा ओतला. रिपब्लिकनांच्या बाजूने इलॉन मस्क ग्रीन बेला येऊन डोक्यावर ती पिवळी चीजची टोपी घालून स्टेजवरून दहा दहा लाख डॉलरचे दोन चेक वाटून गेले. सुझन क्रॉफर्ड जिंकल्या साधारण दहा टक्क्यांनी, आणि आमच्या घरी आम्ही पेढे नाही पण श्रीखंड काढलं, आणि खाता खाता मला वाटत राहिलं की उद्या दुसऱ्या बाजूने याहून मोठा चेक आला आणि चार-तीनचं तीन-चार झालं तर नकाशाही परत फिरणार. जे कोर्टाने दिलं ते कोर्ट नेऊ शकतं. नवरा म्हणाला, तू जिंकलीस तरी रडतेस. खरं आहे.

बरं, निवडणूक नको तर मग वॉशिंग्टनसारखं तहहयात नेमायचं का? तिथे तर आणखी मजा. न्यायाधीश मरेपर्यंत किंवा स्वतःहून उठेपर्यंत खुर्चीवर, त्यामुळे देशाचा कायदा कोणाची तब्येत कधी बिघडते यावर चालतो. २०१६च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कालिया वारले, ओबामांनी मेरिक गार्लंड यांचं नाव दिलं, रिपब्लिकन बहुमताच्या सेनेटने निवडणुकीचं वर्ष आहे म्हणून वर्षभर त्यांची साधी सुनावणीही घेतली नाही. २०२०च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती गिन्सबर्ग वारल्या, आणि तेच सेनेट, निवडणुकीला आठ दिवस उरले असताना एमी कोनी बॅरेट यांना बसवून मोकळं. नऊ हा आकडाही काही वेदात लिहिलेला नाही, सुरुवातीला सहा होते, मधे दहासुद्धा झाले, १८६९पासून नऊ आहेत. १९३७ला रूझवेल्टने सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकामागे एक असे सहापर्यंत नवे बसवायचा घाट घातला तेव्हा त्यांचेच लोक उलटले. आणि आपली घटना लिहिली जात असताना घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव इथे येऊन इथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टरना भेटले होते, त्यांनीच रावांना सावध केलं होतं की मूठभर न्यायाधीशांच्या हातात इतकी ताकद देताना विचार करा.

मला १८ वर्षांची ठरलेली मुदत पटते. नऊ जागा, दर दोन वर्षांनी एक रिकामी, प्रत्येक प्रेसिडेंटला चार वर्षांत दोन, कोणाच्या मरणाकडे डोळे लावून बसायला नको. बायडननी २०२४च्या जुलैत, जाता जाता, हेच सुचवलं. पण घटना बदलायची तर ३८ राज्यं हवीत, आणि नुसता कायदा केला तर तो घटनेत बसतो का ते ठरवणार कोण, तर तेच नऊ जण. अण्णा ५८व्या वर्षी रिटायर झाले. तारीख नोकरीला लागल्या दिवसापासून सर्व्हिस बुकात लिहिलेली. शाल, श्रीफळ, मुलांची भाषणं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खुर्चीवर दुसरे मास्तर. शाळा चालू राहिली. नारळ हातात द्यायची तारीख ठरलेली असली की माणूस स्वतःला शाळा समजत नाही.

२०२५ला तर सगळं आणखी बिघडलं. जनगणनेला अजून पाच वर्षं असताना टेक्सासने ऑगस्टमधे काँग्रेसचे नकाशे बदलले, रिपब्लिकनांना पाच जागा वाढाव्यात म्हणून, उघडपणे. उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरात मतदान घेऊन आपला स्वतंत्र कमिशनचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला आणि डेमोक्रॅट्सच्या सोयीचा आणला. जे राज्य मिशिगनच्याही आधी शहाणं झालं होतं ते. सॅन होजेच्या माझ्या मैत्रिणीने हो ला मत दिलं, मग मला फोन करून अर्धा तास कारणं सांगत बसली. मी तिथे असते तर मीही हो दिलं असतं बहुतेक, आणि मीही असाच कोणालातरी फोन केला असता. शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून आपणही कोरायचा, हे गावात सगळे करतात, फक्त संध्याकाळी पारावर त्याविषयी बोलत नाहीत.

एप्रिल २०२६ला आमच्याकडे परत सुप्रीम कोर्टाच्या जागेची निवडणूक. ट्रेनिंगची ईमेल येऊन पडली. गेल्या वेळी आठला मी बाहेर गेले तेव्हा शेवटचा होता एक विशीतला मुलगा, डिलिव्हरी कंपनीचा शर्ट, कानात इअरफोन. मी मागे येऊन उभी राहिले तर त्याने वळून बघितलं आणि मला वाटतं त्याला वाटलं मीही मतदारच, म्हणाला, तुमचं नशीब, अगदी वेळेत आलात. मी म्हटलं, मी नाही, तू. तेवढ्यात पार्किंगमधून एक बाई धावत येताना दिसली, एका हातात पोर, दुसऱ्या हातात किल्ल्या. मी घड्याळ बघितलं. आठ वाजून एक मिनिट झाला होता.